लासियेम पुढच्या फाटकातून गेली

लासियेमला मागच्या फाटकातून निघून जायला सांगितलंय, हे कळलं तेव्हा मी भेंडी चिरत होते. सुरी तशीच ताटात टाकली आणि पदराला हात पुसत बाहेर आले. मागचं फाटक म्हणजे ज्यातून कचऱ्याच्या पिशव्या बाहेर जातात आणि गॅसची टाकी आत येते ते. ज्या घरातलं पोर जिनं जन्मल्या आठवड्यापासून कडेवर वाढवलं, तिची वाट ती?

मला राग लवकर येत नाही. सकाळी देवापुढे दिवा लावताना मी रोज एवढंच मागते की बाबा, माझी जीभ ताब्यात ठेव. त्या दिवशी देवालाही ते जमलं नसावं.

आम्ही इकडे परदेशात, सोलो शहरात आलो ते ह्यांच्या सूतगिरणीच्या नोकरीमुळे. दोन-तीन वर्षांसाठी म्हणून आलो आणि मुलांची लग्नं इथूनच ठरवली. गल्लीत मला कुणी बू सुधा म्हणतं, कुणी नुसतंच बू इंडिया. मानानं बाईला बू म्हणतात, पुरुषाला पाक. समोरच्या घरात बू हापसारी आणि पाक विबिसोनो. तिचं बाजारात बाटिकचं दुकान, तो बँकेत. त्यांची एकुलती एक लारास, आणि लारासला सांभाळणारी लासियेम. गल्ली तिला म्बाक लास म्हणायची. म्बाक म्हणजे ताई. पन्नाशीची बाई, केसांचा घट्ट अंबाडा, चालताना चपलेचा आवाज म्हणून येणार नाही.

दुपार कलली की आमच्या गल्लीत मुलांना भरवायची वेळ होते. घरात बसून इथे कुणी भरवत नाही. एका हातात वाटी, पोर लांब कापडाच्या झोळीत कमरेला बांधलेलं, आणि घासागणिक एकेक घर मागे टाकत अख्खी गल्ली फिरायची. लासियेमचं ते कापड तिच्या आईचं होतं, तपकिरी नक्षीचं, धुऊन धुऊन दुधावरच्या सायीसारखं मऊ झालेलं. माझ्या फाटकाशी आली की तिचा एक घास ठरलेला. "न्दुक, बू सुधांच्या तुळशीला दाखव बघू कसा खातेस ते." न्दुक म्हणजे पोरी. लारास आ करायची, तुळशीकडे बघायची आणि घास गिळायची. माझ्या तुळशीचा इतका उपयोग मी कधी केला नव्हता.

लासियेमची एक गोष्ट मी पहिल्यापासून पाहिली. ती लारासला चुकवून कधी कुठे गेली नाही. बाकीच्या बाया पोरांना खेळात रमवून हळूच सटकायच्या. ही पोरीसमोर उकिडवी बसायची, तिच्या डोळ्यांत बघून सांगायची, "मी बाजारात जातेय. टोफू घेऊन परत येते." सुरुवातीला लारास रडायची. मग रडेनाशी झाली, कारण ती खरंच टोफू घेऊन परत यायची. इथल्या लोकांत निरोप घेण्याला फार मान. पामित म्हणतात त्याला. पाहुणा चहा पिऊन उठला तरी घरातल्या प्रत्येकाला सांगून, काही चुकलं असेल तर माफ करा म्हणून उठतो. न सांगता उठून जातो तो चोर, असं लासियेम म्हणायची. आणि मग हसून म्हणायची, "नाहीतर मांजर."

तिची स्वतःची मुलगी सुमार्नी वोनोगिरीकडच्या डोंगरातल्या खेड्यात आजीच्या हाताखाली वाढली. लासियेम शहरात दुसऱ्यांची पोरं वाढवत होती. त्याबद्दल ती रडगाणं गायची नाही. एकदाच म्हणाली होती, "बू, माझ्या पोरीचा पहिला दात पडला तो मला शेजाऱ्याच्या फोनवरून कळला." आणि पुढचा घास भरवायला गेली.

तर ती सुमार्नी आता बाळंत होणार होती. पहिलंच.

आमच्या गल्लीत सांभाळणाऱ्या बाया काम सोडतात कशा, ते सांगायला हवं. ईदेला सगळ्या गावी जातात. नवे कपडे, मिठाईचे डबे, "येते हं बू, आठवड्यानं," आणि मग येतच नाहीत. फोन बंद. इकडे मालकीण कपाळाला हात लावून बसते आणि पोर फाटकाला लटकतं. हीच रीत पडून गेलीय. त्या बायांना शिव्या मिळतात, पण तोंडावर कुणी देऊ शकत नाही, कारण त्या गेलेल्या असतात.

लासियेमनं ते केलं नाही. ईद होऊन गेली होती, ती गावाहून ठरल्या दिवशी परत आली होती. नंतर एका दुपारी, कपड्यांच्या घड्या घालताना तिनं हापसारीला सांगितलं. मला हे तिनंच मागाहून सांगितलं, म्हणून शब्द न् शब्द ठाऊक आहे.

"बू, सुमार्नीला दिवस भरत आलेत. मला आता घरी जायचंय."

"मग जा की. चार-आठ दिवस राहून ये."

"राहून यायला नाही, बू. राहायलाच."

हापसारीच्या हातातला परकर खाली पडला म्हणे. "म्हणजे काम सोडतेस? अगं, तुला आम्ही घरचं माणूस मानलं! काय कमी पडलं तुला?"

"कमी काहीच पडलं नाही. पण माझी पोर मोठी झाली तेव्हा मी तिथे नव्हते. तिचं पोर तरी माझ्या हातात पडू दे."

मग लासियेमनं आपल्या अटी सांगितल्या. अटी कसल्या, भल्या माणसाच्या गोष्टी. नवी बाई मिळेपर्यंत मी थांबते. तिला सगळं शिकवते, लारासची तिच्याशी गट्टी जमवून देते. आणि जायच्या दिवशी लारासला मी स्वतः सांगणार, तुमच्यासमोर, दिवसाढवळ्या. पुढच्या दारानं निरोप घेऊन जाईन. हापसारी "बरं" म्हणाली. त्या "बरं"वर लासियेम विसंबली.

आता पाहा. न सांगता पळतात त्यांचं काही वाकडं होत नाही. ही सांगून, थांबून, शिकवून जाणार होती, तर तिचं काय झालं? दुसऱ्या दिवसापासून घरात अबोला. टीव्हीसमोर तिची चटई असायची ती उचलली. एरवी "म्बाक लास, तू पण घे" म्हणून पुढे येणारी फळांची थाळी पुढे येईना. घरचं माणूस! घरचं माणूस घर सोडतो म्हणालं की लोक वाटेत खायला बांधून देतात. हिच्यावर मात्र गुन्हा केल्यासारखी नजर.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण एका संध्याकाळी हापसारी तळलेल्या केळ्यांची बशी घेऊन माझ्याकडे आली. वयानं धाकट्या शेजारणीला इथे जेंग म्हणतात, मीही तिला तसंच हाक मारते.

"बू सुधा, तुमच्याकडे कामाला कोण असतं हल्ली?"

"कुणी नाही, जेंग. मी आणि माझे गुडघे."

"नाही, म्हटलं, लासियेमला कुणीतरी चांगलं घर दाखवलेलं दिसतंय. अशी आपण होऊन कोण जातं? तुमच्याशी फार बोलते ती. तुम्हा इंडियाच्या बायकांच्या जिभेवर साखर असते म्हणतात."

"साखर असती तर आमचे हे एव्हाना घर झाडायला लागले असते. जेंग, तिची मुलगी बाळंत होतेय."

"मुली सगळ्यांच्याच बाळंत होतात," हापसारी म्हणाली.

मी बशीवर झाकण ठेवलं. केळी तिच्यासमोर एकही खाल्ली नाही. आमच्याकडचा हा निषेध तिला कळला की नाही, देव जाणे.

नवी मुलगी आली, तार्मी नावाची. धीट, जरा मोठ्यानं बोलणारी. लासियेमनं तिला हाताला धरून सगळं शिकवलं. भरवताना गल्ली कशी फिरायची, माझ्या तुळशीपाशी कसं थांबायचं. लारास पहिल्यांदा तिच्याकडून घास घ्यायला तयार झाली तेव्हा लासियेम माझ्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, "झालं, बू. आता रविवारी सांगते तिला." तिच्या चेहऱ्यावर मोठं ओझं नीट उतरवून ठेवल्याचं समाधान होतं.

तो रविवार आलाच नाही. शनिवारी सकाळी पाक विबिसोनोनं लारासला गाडीत घातलं आणि सालातिगाला आजीकडे नेलं, पोहायला म्हणून. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि हापसारीनं लासियेमला बोलावलं.

"तुझं सामान बांध. मागच्या फाटकाशी रिक्षा सांगितलीय, बस स्टँडला सोडेल."

"आज? लारास तर घरात नाही."

"म्हणून तर आज. ती रडून आजारी पडेल. मला ते बघवणार नाही."

"ती आल्यावर तिला काय सांगणार?"

"सांगू, बाजारात गेलीय म्हणून. मुलं विसरतात."

बाजारात! सबंध भाषेतले शब्द सोडून नेमका तोच. ज्या शब्दावर पोरीचा सगळा विश्वास उभा होता, तोच वापरून तिला फसवायचं. ती फाटकाशी उभी राहणार, टोफूची वाट बघणार, आज नाही तर उद्या. आणि कुणीही मोठं माणूस तिला सांगणार नाही की बाळ, ती आता यायची नाही.

लासियेमनं वाद घातला नाही. पिशवी बांधली. हापसारीनं ती तार्मीसमोर उघडायला लावली, आतले कपडे वरखाली केले. हे मला तार्मीनं सांगितलं, धावत येऊन, आणि त्याच क्षणी मी ती सुरी टाकली.

मी बाहेर आले तर मागच्या बोळात रिक्षावाला एकटाच विडी ओढत बसलेला. "बाई सामान घेऊन निघाली, पण रिक्षात काही बसली नाही," म्हणाला. मी वळसा घालून पुढे आले. आणि थबकले.

लासियेम हापसारीच्या पुढच्या फाटकासमोर रस्त्यावर मांडी घालून बसली होती. कुराणपठणाला जाताना घालायचा पांढरा सदरा तिनं अंगात चढवला होता. आईचं ते तपकिरी कापड घडी करून मांडीवर ठेवलेलं. डोक्यावर काही नाही. ऊन असं की डांबर पायाला चिकटावं. मी छत्री घेऊन धावले.

"म्बाक लास, चक्कर येईल. निदान कापड तरी डोक्यावर घे."

"सावली घेतली तर ते कसलं बसणं, बू," ती शांतपणे म्हणाली आणि छत्री बाजूला केली.

मला उमगलं नव्हतं. उमगलं ते औषधी काढे विकणाऱ्या म्हातारीला. बाटल्यांची टोपली पाठीवर बांधून ती रोज ह्याच वेळी येते, तीही वोनोगिरीकडचीच. तिनं एकदा पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं, एकदा बंद फाटकाकडे, आणि टोपली खाली ठेवली.

"अगं बाई! ही तर पेपे करतेय!"

सोलोत हा शब्द लहान पोरालाही कळतो. राजेशाहीच्या काळात ज्याचं कुणी ऐकत नसे तो गरीब माणूस पांढरे कपडे घालून राजवाड्यापुढच्या मैदानात जायचा आणि रणरणत्या उन्हात बसून राहायचा. बोलायचा नाही, ओरडायचा नाही. राजाला वरून दिसायचं आणि त्याला विचारायला माणूस पाठवावा लागायचा. आपल्याकडचं धरणंच, पण सावलीशिवायचं. आता मैदानावर फेरीवाले फुगे विकतात आणि हे सगळं आज्यांच्या गोष्टींत उरलंय. गल्लीत, एका बाटिकवालीच्या दारात, पेपे कुणी पाहिलं नव्हतं.

काढेवालीनं ती बातमी दोन गल्ल्यांत पोचवली. बायका पोरांना कडेवर घेऊन आल्या. कुणी हसलं नाही. फाटक कराकरा उघडलं आणि हापसारी बाहेर आली, चेहरा लाल.

"ऊठ! लोक बघतायत!"

"बघू देत, बू. मी चोरून काही नेत नाही. पिशवी तुम्ही बघितलीच आहे."

गर्दीत कुणीतरी "पिशवी तपासली?" म्हणालं, आणि ते शब्द मागे मागे जात राहिले.

"तुला हवंय तरी काय?"

"तुम्ही बरं म्हणाला होतात ते. लारासला सांगायचं आणि ह्या फाटकातून जायचं. दुसरं काही मागितलं का मी?"

तेवढ्यात गल्लीचे प्रमुख पाक मार्सुदी आले. भांडण म्हटलं की त्यांना घाम फुटतो. "हे बघा, हे बघा," ते म्हणाले, "माझ्या ओसरीवर बसू, चहा घेऊ, दोघींनी थोडं थोडं मागे सरू."

"थोडं मागे म्हणजे कुठे, पाक?" मी म्हटलं. जीभ सुटलीच होती. "अर्धी पुढच्या फाटकातून आणि अर्धी मागच्या?"

"बू सुधा, तुम्ही मध्ये पडू नका," हापसारी माझ्यावर उखडली. मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "तुम्हाला वाटतं मी दुष्ट आहे. मी माझ्या पोरीचं रडणं वाचवतेय! लहानपणी मला सांभाळणारी गेली तेव्हा मलाही असंच सांगितलं होतं, बाजारात गेली म्हणून. काय बिघडलं माझं?"

लासियेमनं मान वर केली. घाम तिच्या भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता, तो तिनं पुसला नाही. "तिचं नाव काय होतं, बू?"

"म्बोक गिनेम," हापसारी म्हणाली. क्षणाचाही विचार न करता.

हापसारी चाळिशीला आलेली बाई, तरी ते नाव अजून जिभेवर. तिनं हातातली फाटकाची कडी सोडली. मग आत गेली. आम्हाला वाटलं दार लावून घेतलं. पण आतून तिचा आवाज आला, फोनवर, नवऱ्याशी. "तिला घेऊन या. नाही, आत्ता. विचारू नका, या."

सालातिगा काही शेजारी नाही. लासियेम तेवढा वेळ उन्हातच बसली. मी पाणी नेलं, ते मात्र प्यायली. मी तिच्याशेजारी उभी राहून मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते, ती ओठांतल्या ओठांत तिच्या गुस्तीला, म्हणजे तिच्या अल्लाला, आळवत होती. दोघींचं मागणं एकच असणार. तार्मी दाराशी उभी राहून सगळं डोळ्यांत साठवत होती.

गाडी आली. पाक विबिसोनो उतरला तो सगळ्यांकडे चोरट्यासारखा बघत. रामायणातला बिभीषण इथे विबिसोनो होतो, छायानाट्यात सगळ्यांनी पाहिलेला, भावालाही तोंडावर खरं सांगणारा. काढेवालीनं त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "नाव केवढं आणि तोंडात मात्र भात." त्यानं ऐकलं. गाडीचं मागचं दार उघडलं.

लारास ओल्या केसांनी धावत आली. "म्बाक लास, तू रस्त्यात का बसलीस?"

"तुझी वाट बघत होते, न्दुक." लासियेमनं तिला समोर उभं केलं आणि नेहमीसारखं डोळ्यांत बघितलं. "ऐक. मी आज माझ्या घरी जातेय. माझ्या सुमार्नीला बाळ होणार आहे. मी तिकडेच राहणार."

"टोफू घेऊन कधी येणार?"

"ह्या वेळी टोफू नाही. मी बाजारात जात नाहीये. लांब जातेय. तुला भेटायला येईन कधीतरी, पण राहायला नाही."

लारासनं तिच्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या. "मग जा! जा तू!" आणि टाहो फोडला. हापसारी पुढे झाली, तिला उचलायला. लासियेम म्हणाली, "रडू दे, बू. रडू आलं तर रडायचंच असतं." आणि हापसारी तिथेच रस्त्यावर, भर गर्दीत, पोरीशेजारी खाली बसली.

रडं ओसरल्यावर लासियेम उठली. मी हात दिला, गुडघे आखडले होते तिचे. फाटकात उभी राहून तिनं वाकून हापसारीचे आणि विबिसोनोचे हात हातांत घेतले, काही चुकलं असेल तर माफ करा म्हणाली. तिनं! माफी तिनं मागितली! मग विबिसोनोच्या तोंडातून पहिल्यांदा शब्द निघाला. "आम्हीच मागायला हवी, म्बाक." हापसारीला हात सोडायला वेळ लागला.

आणि लासियेमनं आईच्या कापडात लारासला बांधलं. पोर आता केवढी लांब, पाय खाली लोंबत होते. तिला कमरेवर घेऊन ती गल्लीभर फिरली, एकेका फाटकाशी थांबून निरोप घेत. पिशवी विबिसोनोनं घेतली होती, तो मागून चालत होता. माझ्याकडे आली तेव्हा लारासचे हुंदके चालूच होते, तरी तिनं सवयीनं तुळशीकडे बघून आ केला. तिथे घास नव्हता.

मी डबा दिला. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, तिला आवडायची ती. एवढंच सुचलं.

गल्लीच्या तोंडाशी तिनं लारासला हापसारीच्या हातात दिलं, कापड सोडलं, त्याची घडी केली आणि वळसा घालून आलेल्या रिक्षात बसली. पुढच्या रस्त्यावरून, भर उजेडात. लारासनं हात हलवला नाही. पण रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत तिनं नजर हलवली नाही, आणि ती कुठे गेली हे तिला ठाऊक होतं.

गल्लीतल्या बायका आता म्हणतात, शेवट गोड झाला. मला नाही तसं वाटत. साध्या गोष्टीसाठी, आधीच कबूल केलेल्या गोष्टीसाठी, एका बाईला डांबरावर बसून स्वतःला भाजून घ्यावं लागलं. ह्यात गोड काय? तिच्या पायांवरचे फोड मी पाहिलेत.

एकच गोष्ट मला बरी वाटली. सगळे पांगल्यावर तार्मी हापसारीसमोर जाऊन उभी राहिली, हाताची घडी घालून, आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "बू, मी आत्ताच सांगून ठेवते. मी जेव्हा कधी जाईन, तेव्हा पुढच्या फाटकातूनच जाईन."

हापसारीनं लारासला खांद्यावर नीट घेतलं. "बरं," म्हणाली.

तार्मी हलली नाही. "नुसतं बरं नको, बू. पाक, तुम्ही सांगा."

विबिसोनो मान खाली घालून आत निघाला होता. तो थांबला, वळला, आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पुढच्याच फाटकातून. आणि लारासला सांगून."